मेला असं कुणी सांगितलं?

मेलेला माणूस परत उठतो का, हा प्रश्न मुंबईत बारा महिने कुठे ना कुठे चालूच असतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला रांग लागते. वांद्र्याच्या माउंट मेरीबाहेर मेणाचे हात, पाय, काळजं विकायला मांडलेली असतात. परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या नातेवाइकांच्या पिशवीत अंगारा, ताईत, जपमाळ यांतलं काहीतरी सापडतंच. सगळ्यांचं मागणं एकच: आमचं माणूस जाऊ नये, आणि गेलंच तर परत यावं. या मागण्याची थट्टा करण्यात काही हशील नाही. मात्र कुणी छातीठोकपणे सांगू लागला की ‘आमच्याकडे मेलेला उठला’, तर देव आहे की नाही या वादात शिरू नये. सरळ विचारावं: मेला असं कुणी सांगितलं, किती वाजता, आणि कशावरून?

बहुतेक प्रकरणं इथेच निकालात निघतात. कारण मरण हे दिव्याचं बटण दाबल्यासारखं होत नाही. हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. बाकीचं शरीर मात्र आपापल्या गतीने जात राहतं. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत करता येतं ते यामुळेच. माणूस गेलेला असतो, बुबुळ अजून गेलेलं नसतं. तेव्हा ‘मेला’ या एका शब्दात निदान तीन गोष्टी बसतात: हृदय-श्वास थांबला, मेंदूचा देठ (श्वास आणि शुद्ध सांभाळणारा खालचा भाग) बंद पडला, आणि शरीर कुजायला लागलं. पहिल्या पायरीवरून माणसं परत येतात, रोज येतात. दुसरीवरून, निदान नीट केलेलं असेल तर, आजवर कुणी आलेलं नाही. तिसरीवरून येण्याच्या फक्त कथा आहेत.

पहिली पायरी कशी तपासतात ते पाहू. कॅज्युअल्टीत माणूस आणला की हाक मारायची, भुवईवरच्या हाडावर अंगठ्याने जोर देऊन वेदनेला काही प्रतिसाद येतो का बघायचं, मानेतली नाडी पाहायची. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोके आणि श्वासाचा आवाज निदान पूर्ण मिनिटभर ऐकायचा. काळजी घेणारा डॉक्टर पाच मिनिटं थांबतो. टॉर्चने बाहुल्या पाहायच्या. शेवटी ईसीजीची पट्टी काढायची, तिच्यावर नाव आणि वेळ लिहायची आणि ती केसपेपरला जोडायची.

कागदावर हे सोपं दिसतं. चुकतं कुठे? रात्रीचे दोन वाजलेले असतात, तीन पेशंट एकाच वेळी आलेले असतात, आजूबाजूला आरडाओरडा असतो. जाड छातीच्या किंवा फुप्फुसं फुगलेल्या माणसाचे ठोके त्या गोंगाटात ऐकू येत नाहीत. ईसीजीची एखादी वायर निसटलेली असली तरी पट्टीवर सरळ रेघ येते. हृदय बारीक थरथरत असेल, म्हणजे शॉक देऊन वाचवता येईल अशा अवस्थेत असेल, तर तीही रेघ लांबून सरळच वाटते. म्हणून नियम असा की सरळ रेघ दिसली की आधी वायरी तपासा, मशीनचा गेन वाढवा म्हणजे रेघ मोठी दिसेल, दुसऱ्या लीडमध्ये, म्हणजे वायरींच्या दुसऱ्या जोडीत, बघा आणि मगच बोला. झोपेच्या गोळ्यांचा मोठा डोस घेतलेला, पाण्यातून काढलेला, विजेचा धक्का बसलेला आणि रस्त्यावर उपाशी, गारठून पडलेला, या चौघांच्या बाबतीत घाई करायची नाही.

जाहीर केल्यावरही मृतदेह लगेच शवागारात न पाठवता दोन तास वॉर्डात ठेवायचा, असा मुंबईत नियम आहे. २०१५ च्या जुलैत पालिकेच्या एका रुग्णालयात रस्त्यावरून आणलेल्या एका बेवारस माणसाला मृत ठरवून शवागाराकडे रवाना केलं गेलं, आणि त्याचा श्वास चालू असल्याचं तिथल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. दोन तास पाळले असते तर ही वेळ आली नसती. हीच गोष्ट एखाद्या गावात घडली असती तर त्या जागी आज देऊळ असतं.

डॉक्टरांनी कुठलीही चूक न करतासुद्धा माणूस उठतो, असाही एक प्रकार आहे. छाती दाबून, औषधं देऊन, अर्धा-पाऊण तास झटून शेवटी सगळे थांबतात, वेळ लिहिली जाते, आणि काही मिनिटांनी मॉनिटरवर ठोके दिसायला लागतात. याला वैद्यकात लाझारस फिनॉमेनन म्हणतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूने उठवलेल्या लाझारसवरून हे नाव १९९३ साली पडलं; पहिली नोंद १९८२ ची. याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे. घाईघाईत श्वास देण्याचा रबरी फुगा भराभर दाबला जातो, आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडायला वेळ मिळत नाही, छातीतला दाब वाढत जातो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. फुगा थांबवला की कोंडलेली हवा हळूहळू निघते, रक्त परततं, आणि तोवर वाटेत अडकून पडलेलं अॅड्रिनॅलीन हे औषधही हृदयापर्यंत पोहोचतं. म्हणून प्रयत्न थांबवल्यावर निदान दहा मिनिटं मॉनिटर काढू नये असं सांगतात. या परतलेल्यांपैकी बरेचजण पुढे दगावतात, काही मात्र चालत घरी जातात.

थंडीची गोष्ट आणखी विलक्षण. मे १९९९ मध्ये नॉर्वेत अॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटं पाण्यात होती, शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय थांबलेलं. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचं रक्त यंत्रातून फिरवून तिला ऊब दिली, नऊ तास झटले, आणि ती वाचली. पुढे ती त्याच रुग्णालयात कामालाही लागली. गार पडलेल्या मेंदूला ऑक्सिजन फार कमी लागतो, एवढंच त्यातलं रहस्य. अशा रुग्णाला आधी ऊब द्यायची आणि मगच मृत म्हणायचं, हा नियम त्यामुळेच. मुंबईकरांना याचा उपयोग शून्य. आपला समुद्र भर जानेवारीतही इतका कोमट असतो की गिरगाव चौपाटीवर बुडालेल्याला ही सवलत मिळत नाही.

आपल्याकडे सवलत देतो तो मण्यार. पालघरच्या पाड्यांवर, आरेच्या झोपड्यांत, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही. पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मग हातपाय आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला हलेनाशा होतात. डोळ्याला कापूस लावा, चिमटा काढा, काही नाही. दिसायला हुबेहूब मेंदूमृत, म्हणजे दुसऱ्या पायरीवरचा. पण आत हा माणूस जागा असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असतो! विषाने फक्त मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला सांधा बंद पाडलेला असतो. वेळेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं, सर्पविषावरच्या लशीच्या सुरुवातीलाच दहा कुप्या दिल्या आणि काही दिवस धीर धरला, तर तो पूर्ण बरा होतो. नागाच्या विषावर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन चांगलं चालतं, मण्यारवर फारसं नाही, कारण त्याचं विष मज्जातंतूची टोकंच खराब करतं आणि ती नव्याने यायला वेळ लागतो. सर्पदंशाने मेलेल्याला मांत्रिकाने उठवल्याच्या कोकणातल्या आणि पालघरकडच्या गोष्टींच्या मुळाशी माझ्या मते एक तर चावूनही विष न सोडलेला साप असतो, नाहीतर हा अर्धवट उतरलेला लुळेपणा. श्वास बंद पडलेला माणूस मांत्रिकाकडे नेऊन उठला, हे मात्र होऊ शकत नाही. त्याला हवा कुणी दिली?

आता दुसरी पायरी, जिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. ही पायरी जगाने मानली तीही हल्लीच. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिलं हृदयप्रत्यारोपण झालं आणि दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा आपल्या कायद्यात मेंदूमृत्यू नावाची गोष्टच नव्हती. ती आली १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने. मधली सव्वीस वर्षं हृदय धडधडत असेपर्यंत माणूस कायद्याने जिवंत होता.

मेंदूमृत ठरवायला चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचा प्रमुख, उपचार करणारा, मेंदूविकाराचा जाणकार आणि यादीतला आणखी एक तज्ज्ञ. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं कुणी त्यात चालत नाही. सगळ्या चाचण्या दोनदा, मध्ये निदान सहा तास. त्याआधी पूर्वअटी: बेशुद्धीचं कारण माहीत हवं, अंग गार नको, झोपेची किंवा स्नायू सैल करणारी औषधं उतरलेली हवीत, साखर आणि क्षार जागेवर हवेत. मण्यारसारखी प्रकरणं इथेच बाजूला पडतात. मग एकेक चाचणी. बाहुल्यांवर उजेड. बुबुळाला कापसाची वात. डोकं इकडून तिकडे फिरवल्यावर डोळे खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यांसारखे फिरतात का. कानात साधारण ५० मिली बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे त्या बाजूला सरकतात का. (कानात मळ साठलेला असेल तर ही चाचणीच खोटी ठरते, म्हणून आधी कान बघायचा. बारीक गोष्ट, पण विसरली जाते.) घशाला आणि श्वासनळीला सक्शनची नळी लावून उबळ किंवा खोकला येतो का.

सगळ्यात शेवटी अॅप्निया टेस्ट. दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढायचा, श्वासनळीत बारीक नळीने मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन चालू ठेवायचा, आणि आठ-दहा मिनिटं उघड्या छातीकडे आणि पोटाकडे बघत उभं राहायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर गेला तरी एकही श्वास आला नाही, तर श्वास घ्यायला सांगणारं केंद्र संपलेलं आहे. मध्येच रक्तदाब कोसळला किंवा ठोके बिघडले तर चाचणी सोडून व्हेंटिलेटर पुन्हा जोडायचा.

एवढं सगळं करून डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘पण छाती हलतेय, अंग गरम आहे, मॉनिटरवर हार्ट चालू आहे.’ तिन्ही खरं असतं. छाती यंत्र हलवतं, आणि हृदयाला ठोके टाकायला मेंदू लागत नाही, त्याचं स्वतःचं केंद्र हृदयातच आहे. त्यात आणखी एक घोटाळा होतो. व्हेंटिलेटर काढल्यावर कधीकधी मेंदूमृत माणसाचे दोन्ही हात कोपरात वाकून वर उचलले जातात, छातीवर नमस्कारासारखे जवळ येतात आणि मग बाजूला पडतात. ही पाठीच्या कण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूचा तिच्याशी संबंध नाही. हिलाही लाझारसचंच नाव दिलंय. पण आईने ते हात पाहिले तर तिला कण्याचं शरीरशास्त्र कसं पटवणार? ज्या आयसीयूत हे आधीच सांगून ठेवतात, आणि कुटुंबातल्या एकाला अॅप्निया टेस्टच्या वेळी आत उभं करतात, तिथे पुढची भांडणं कमी होतात. दहा मिनिटं न हललेली छाती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला भाऊ बाहेर येऊन जे सांगतो ते डॉक्टरच्या तोंडून कुणी ऐकत नाही.

‘अमका वीस वर्षांनी कोमातून उठला’ हे उदाहरण इथे देतात, ते गैरलागू. कोमा किंवा अर्धजागृत अवस्थेत मेंदूचा देठ जिवंत असतो, माणूस बहुतेक वेळा स्वतः श्वास घेतो. केईएमच्या परिचारिकांनी बेचाळीस वर्षं सांभाळलेल्या अरुणा शानबाग मेंदूमृत नव्हत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबत निकाल देताना हा फरक स्पष्ट धरला होता.

जुन्या कथा या पायऱ्यांवर लावून बघितल्या की मजा येते. सत्यवानाचं डोकं दुखतं, तो सावित्रीच्या मांडीवर डोकं ठेवतो, कोसळतो आणि त्याच रात्री उठून घरी जातो. ही केस एखाद्या वैद्यकीय मासिकात छापून येऊ शकेल. शिर्डीच्या भक्तपरंपरेत साईबाबांनी १८८६ साली तीन दिवस देह सोडल्याची आणि म्हाळसापतींनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पहारा दिल्याची गोष्ट आहे. देह पुरायची घाई होऊ न देणारा माणूस शेजारी बसलेला असणं, हा त्या कथेतला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. नेवाशाच्या सच्चिदानंदबाबांना ज्ञानेश्वरांनी तिरडीवरून उठवलं असं परंपरा सांगते; ज्ञानेश्वरीच्या शेवटी मात्र शके १२१२ मध्ये ते आदराने लेखक झाले एवढंच येतं. कचाची गोष्ट वेगळ्याच जातीची. त्याला जाळून राख मद्यात घालून गुरूला पाजलेली, म्हणजे तिथे निदान चुकलं असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही. लाझारसचंही तसंच: चार दिवस झालेत, आता दुर्गंधी येत असेल, असं त्याची बहीणच येशूला सांगते. सांगणाऱ्याला शंका माहीत होती आणि त्याने ती आधीच बंद केली.

चार दिवस म्हणजे काय, ते मुंबईच्या हवेत बघा. दोन-तीन तासांत पापण्या आणि जबडा ताठायला लागतो, बारा तासांपर्यंत सगळं अंग ताठतं, पुढच्या दिवसभरात ते पुन्हा सैल पडतं. पाठीकडे उतरलेलं रक्त सहा-आठ तासांत त्या जागी पक्कं होतं. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग दिसतो. तिसऱ्या दिवशी शरीर फुगलेलं असतं, कातडीला फोड आलेले असतात. या टप्प्यावर परत फिरवण्यासारखं काही उरत नाही, कारण पेशींच्या भिंतीच विरघळलेल्या असतात. येलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कत्तल होऊन चार तास झालेल्या डुकरांच्या मेंदूंत विशिष्ट द्राव फिरवून काही पेशींचं काम पुन्हा सुरू केलं होतं. जाणिवेचं मात्र कुठलंही चिन्ह दिसलं नाही. चार तास आणि चार दिवस यांतलं अंतर फार मोठं आहे.

मग पुनरुत्थान अशक्य का? तिसऱ्या पायरीवरून परत येणं निसर्गनियमांत बसत नाही, हे मी बिनदिक्कत म्हणेन. पण ख्रिस्ती धर्मश्रद्धासुद्धा ते निसर्गात बसतं असं म्हणत नाही. बसत नाही म्हणूनच तर ते देवाचं कृत्य मानायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पहाटेचा ईसीजी मागता येत नाही. तिथे श्रद्धा आहे आणि तिला तिची जागा आहे. भांडण सुरू होतं ते आजच्या तारखेला, नावपत्त्यासह दावा झाला की. २०१७ मध्ये मुंबईत एका कुटुंबाने कॅन्सरने गेलेल्या तरुण मुलाचं दफन, तो प्रार्थनेने उठेल या आशेने, कित्येक दिवस लांबवलं आणि शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. त्या आईवडिलांवर हसण्याचा हक्क कुणालाच नाही. पण त्यांना दिवस मोजायला लावणारी शिकवण कुणाची, हे विचारायलाच हवं.

लबाडीचे प्रकार त्या मानाने सोपे. काखेत लिंबू किंवा रबरी चेंडू धरून दंड आवळला की मनगटाची नाडी गायब होते; बघणारा डॉक्टर गर्दीत फक्त मनगट धरतो आणि फसतो. मान किंवा छाती तपासली की खेळ संपतो. भूमिगत समाधीचा हिशोबही करता येतो. दोन मीटर लांब, एक रुंद, एक खोल खड्ड्यात दोन हजार लिटर हवा, म्हणजे चारशे लिटरच्या आसपास ऑक्सिजन. निवांत पडलेल्या माणसाला तासाला पंधरा लिटर लागतो. त्याचा जीव आधी घाबरा करतो तो कार्बन डायऑक्साइड: तासाला बारा लिटर, म्हणजे आठेक तासांत पाच टक्के. तोवर डोकं ठणकायला लागतं, धाप लागते. त्यामुळे हवाबंद खड्ड्यात पाच-सहा तास हा चमत्कार नाही, आणि दोन दिवस असेल तर फळीखाली कुठे भेग आहे ते शोधा.

किरकोळ चमत्कार मुंबईने भरपूर पाहिलेत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने दगडाला चिकटून पातळ थरात खाली ओघळत होतं, दुधात रंग घातल्यावर ते दिसलं. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमचा समुद्र गोड झाला. भर पावसाळा, मिठी नदीचं तोंड तिथेच, आणि गोडं पाणी हलकं म्हणून वर. लोकांनी बाटल्या भरल्या, लहान मुलांना पाजलं. २०१२ मध्ये पार्ल्याच्या इर्ल्यात क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडामरुकू यांनी तुंबलेला नाला आणि भिंतीतून वर चढणारी ओल दाखवली, आणि त्यांच्यावरच तक्रारी दाखल झाल्या. रोमचं चर्च स्वतः याहून कडक आहे: बरं होणं अचानक, पूर्ण, टिकाऊ आणि डॉक्टरांना न उलगडणारं असावं लागतं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८५८ पासून लाखो लोक जातात, आणि तिथला सत्तरावा चमत्कार मान्य झाला तो २०१८ मध्ये.

आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि चार दिवसांनी त्याचा वटहुकूम निघाला. चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, आणि साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. प्रार्थनेला, नवसाला, वारीला तो हात लावत नाही. त्याच्या विरोधात मात्र याच्या उलट सांगितलं जात होतं आणि अजूनही सांगितलं जातं.

परत आणता येतं ते पहिल्या पायरीवरच्या माणसाला, आणि ते काम दादरच्या प्लॅटफॉर्मवर कुणालाही जमतं. समोर माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा येतोय: एकाला १०८ लावायला सांगा, एकाला स्टेशन मास्तरकडे पिटाळा. छातीच्या मधोमध तळहाताचा खालचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत असेल तर तीस दाबांमागे दोन, नसेल तर नुसतं दाबत राहा. ते आचके म्हणजे श्वास नव्हेत. ‘श्वास चालू आहे’ म्हणून गर्दी थांबते आणि माणूस तिथेच जातो. दोन मिनिटांत हात दमतात आणि दाब उथळ होतो, म्हणून माणूस बदला. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका.